नावाच्या साक्षीवर चालणारी डाक

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोड नंबर 9 वर 1980च्या दशकात नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संशोधन संस्था होती. सगळे तिला एनसीएसटी म्हणत. 1986-87च्या सुमारास इथला संगणक साध्या टेलिफोनच्या तारेवरून पवईच्या आयआयटीतल्या संगणकाला फोन लावू लागला आणि दोघांत ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. देशातल्या ई-मेलचा पहिला धडा असा मुंबईच्या उपनगरांत गिरवला गेला. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या 'अर्नेट' या जाळ्याचा तो आरंभ होता. 1989 मध्ये एनसीएसटीतून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंत सेकंदाला 9600 बिट वाहून नेणारी तार जोडली गेली. एनसीएसटीचे प्रमुख श्रीनिवासन रमणी यांचं नाव 2014 मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये नोंदलं गेलं, ते याच कामासाठी.

त्या काळी जगभर अशा टेलिफोनी डाकेचा पत्ता म्हणजे खरं तर वाटेचं वर्णन असे. माणसाच्या नावाआधी वाटेतल्या एकेका यंत्राचं नाव लिहायचं आणि प्रत्येक नावापुढे उद्गारचिन्ह द्यायचं. पाठवणाऱ्याला सगळा रस्ता पाठ हवा. मधलं एखादं यंत्र बंद पडलं किंवा त्याने आपला शेजारी बदलला, की पत्ता चुकीचा ठरे. ज्याला पत्र जायचं तो माणूस मात्र आपल्या खुर्चीवर तसाच बसलेला असे.

ही अडचण दूर केली ती डोमेन नावांच्या व्यवस्थेने, म्हणजे डीएनएसने. पॉल मोकापेट्रिस यांनी 1983 मध्ये तिचा आराखडा मांडला. त्यात डाकेसाठी सुरुवातीला दोन प्रकारच्या नोंदी होत्या: एक पत्राचा शेवटचा मुक्काम सांगणारी आणि दुसरी मधला पोचवणारा सांगणारी. जानेवारी 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी या दोन्हींच्या जागी एकच नोंद आणली, 'मेल एक्स्चेंजर' किंवा एमएक्स. तेव्हापासून नाव आणि वाट यांची फारकत झाली. पाठवणाऱ्याने फक्त नाव घ्यायचं. त्या नावाची डाक कोणत्या दारात टाकायची हे नावाच्या मालकाने लिहून ठेवायचं.

अभियंत्यांनी हे सोयीसाठी केलं. पण नावाने मारलेली हाक नेमक्या ठिकाणी पोचते ती कशाच्या जोरावर, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतकं घासूनपुसून तपासला आहे.

जैमिनीच्या मीमांसेत शब्द आणि अर्थ यांचं नातं उपजत मानलं आहे. ते कुणी जोडलेलं नाही आणि म्हणून कुणाला तोडता येत नाही. न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, म्हणजे नैयायिकांनी, यावर रोकडा आक्षेप घेतला. नातं उपजत असेल तर 'अन्न' म्हणताच तोंड भरायला हवं आणि 'अग्नी' म्हणताच भाजायला हवं. तसं काही होत नाही, म्हणजे नातं संकेताचं आहे, ठरवलेलं आहे. मग ते ठरवलं कुणी? जुने नैयायिक ईश्वरेच्छेकडे बोट दाखवत. पुढच्यांनी माणसाच्या इच्छेलाही जागा दिली, कारण मुलाचं नाव तर घरचेच ठेवतात. बौद्ध याही पुढे गेले. यवन राजा मिलिंद याच्यासमोर भिक्षू नागसेनाने रथाचं उदाहरण दिलं. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे आणि या सगळ्यांहून वेगळा असा रथही कुठे नाही. 'रथ' हा व्यवहारापुरता बोल आहे आणि 'नागसेन' हाही तसाच.

बौद्धांची ही भूमिका दगडात कोरलेली पाहायची असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला जावं. शंभराहून अधिक लेण्यांच्या या डोंगरावर ब्राह्मी लिपीतले अनेक दानलेख आहेत. दात्याचं नाव, त्याचं गाव, त्याने काय दिलं आणि कुणाला दिलं, अशी त्यांची मांडणी. कल्याण आणि सोपारा ही गावं त्यांत भेटतात. घेणाऱ्याच्या जागी मात्र बहुधा एका भिक्षूचं नाव नसतं; दान असतं चारही दिशांच्या भिक्षुसंघाला. आज वर्षावासाला आलेला भिक्षू उद्या निघून जाई, त्याच्या जागी दुसरा येई. लेख सांगत राही, की या शेताच्या उत्पन्नातून इथे राहणाऱ्या भिक्षूंना चिवरं द्यावीत. कायम ठेवीला या लेखांत 'अक्षयनीवी' म्हटलं आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातही, इथे द्रम्म नाण्यांच्या ठेवी भिक्षूंच्या कपड्यांसाठी आणि पुस्तकांसाठी ठेवल्या गेल्या. घेणारी माणसं बदलत राहिली तरी नावाला दिलेलं नावाला मिळत राहावं, यासाठी सर्वांना दिसेल अशा जागी सूचना लिहून ठेवायची, हा तो व्यवहार. एमएक्सची नोंद याच जातीचं लिखाण आहे. फरक इतकाच, की दगडावरचा लेख बदलायला छिन्नी लागते आणि ही नोंद कीबोर्डवरून दोन मिनिटांत बदलते.

ती वाचली कशी जाते? समजा, बोरिवलीतली एक विद्यार्थिनी पवईच्या आयआयटीला पत्र पाठवते आहे. पत्त्यातलं 'अ‍ॅट' हे चिन्ह रे टॉमलिन्सन यांनी 1971 मध्ये रूढ केलं. त्याच्या डावीकडे व्यक्तीचं किंवा विभागाचं नाव, उजवीकडे 'आयआयटीबी डॉट एसी डॉट इन'. पाठवणाऱ्या मेल सर्व्हरला डावीकडच्या भागाशी काही कर्तव्य नसतं; त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त घेणाऱ्या यंत्राला आहे. सर्व्हर उजवीकडचं नाव उचलतो आणि विचारतो, की या नावाची डाक कोण घेतं? प्रश्न सर्वांत वरच्या, म्हणजे मूळ सर्व्हरकडे गेला तर तो म्हणतो, मला ठाऊक नाही, पण 'डॉट इन' कोण सांभाळतं ते सांगतो. डॉट इनची नोंदवही पूर्वी जुहूच्या एनसीएसटीत होती. 2005 पासून ती निक्सी ही संस्था चालवते. तिथून पुढचा पत्ता मिळतो आणि अखेर आयआयटीने नेमलेला सर्व्हर यादी पुढे करतो: ही यंत्रं, हे त्यांचे क्रम. ज्याचा आकडा लहान त्याचं दार आधी ठोठवायचं. ते बंद असेल तर पुढचं. सगळीच बंद असतील तर थांबून पुन्हा यायचं, चार-पाच दिवस वाट पाहायची आणि मगच पत्र परत करायचं. ज्या नावाला डाक नकोच आहे त्याला तसंही जाहीर करता येतं. 2015च्या नियमानुसार यंत्राच्या नावाच्या जागी नुसता ठिपका द्यायचा.

या सगळ्या धावपळीत पत्र घेऊन निघालेल्या यंत्राने आयआयटी पाहिलेली नसते. कुठल्याच टप्प्यावर प्रत्यक्ष नाही आणि धुरावरून अग्नी ओळखावा तसं अनुमानही नाही. आहे ती फक्त साक्ष: एकाने दुसऱ्याचं नाव सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. न्यायदर्शनात याला शब्दप्रमाण म्हणतात, म्हणजे आप्ताच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. इथला आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची कसोटी घालून दिली आहे. त्याला विषय स्वतः माहीत हवा आणि जसा माहीत आहे तसाच सांगण्याची इच्छा हवी. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू, असंही तो बजावतो. कुळ पाहायचं नाही, जाणकारी आणि प्रामाणिकपणा पाहायचा. डोमेन नावांच्या व्यवस्थेतही अधिकार असाच वाटलेला आहे. आयआयटीच्या नावाविषयी अमेरिकेतला कितीही बडा सर्व्हर अधिकारवाणीने बोलू शकत नाही; बोलू शकतो तो आयआयटीने नेमलेलाच.

साक्षीवर उभ्या असलेल्या इमारतीत कुठे तडे जातात, हे नैयायिकांना चांगलं माहीत होतं. त्यांनी युक्तिवादाचे चार दोष मोजून ठेवले आहेत: आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था. डीएनएस घडवणाऱ्यांनी न्यायशास्त्र वाचलं असण्याचं कारण नाही, पण त्यांना हे चारही दोष एकामागोमाग आडवे आले.

आत्माश्रय म्हणजे स्वतःच्या सिद्धीसाठी स्वतःचाच आधार घेणं. एखाद्या नावाची माहिती देणारा सर्व्हर त्याच नावाच्या पोटात असेल तर त्याचा पत्ता विचारायला त्याच्याकडेच जावं लागेल आणि पत्ता नसल्यामुळे जाता येणार नाही. यावर तोड अशी, की वरच्या पातळीवरच्या नोंदवहीने त्या सर्व्हरचा आकडी पत्ताही सोबत चिकटवून द्यायचा. तंत्रज्ञ अशा नोंदीला 'ग्लू', म्हणजे डिंक, म्हणतात.

अन्योन्याश्रय हा जास्त फसवा. एका नावाचे सर्व्हर दुसऱ्या नावाखाली आणि दुसऱ्याचे पहिल्याखाली ठेवले, तर वरवर दोन आधार दिसतात आणि प्रत्यक्षात एकही नसतो. दोन्ही नावं एकदमच बुडतात. चक्रक म्हणजे गोल गोल फिरणं. पहिल्या यंत्राने पत्र दुसऱ्याकडे द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. यासाठी पार्ट्रिज यांच्या 1986च्या मूळ लेखातच नियम आला: मधल्या यंत्राने यादीत आपल्या बरोबरीच्या किंवा आपल्या मागच्या क्रमाच्या दाराकडे पत्र वळवायचं नाही, नेहमी पुढेच सरकायचं. तरीही एखादं पत्र घोटाळत राहिलंच तर त्यावरचे शिक्के मोजतात. प्रत्येक यंत्र पत्राच्या माथ्यावर 'मिळालं' अशी ओळ लिहितं; त्या ओळी शंभराच्या वर गेल्या, की पत्र फिरतंय असं समजून थांबवता येतं.

राहिली अनवस्था. आयआयटीच्या सर्व्हरवर विश्वास का, तर डॉट इनने त्याचं नाव सांगितलं म्हणून. डॉट इनवर का, तर मूळ सर्व्हरने सांगितलं म्हणून. आणि मूळ सर्व्हरवर? इथे उत्तर मिळत नाही, इथे फक्त थांबणं आहे. ए ते एम अशा तेरा नावांच्या मूळ सर्व्हरांचे पत्ते सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून दिलेले असतात. त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. त्या पत्त्यांना पुरावा विचारायचा नाही, तिथून सुरुवात करायची.

सुरुवातीची बरीच वर्षं ही सगळी व्यवस्था मीमांसकांच्या वळणाने चालली. मीमांसेचा, विशेषतः कुमारिल भट्टांचा, स्वतःप्रामाण्याचा सिद्धान्त असा, की झालेलं ज्ञान मुळात खरं धरावं. खोटं ठरवायचं तर कारण दाखवायला हवं. डीएनएसही आलेलं उत्तर खरं मानत असे. 2008 मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिलं, की खऱ्या उत्तराआधी बनावट उत्तर घुसवून अख्खं नाव पळवता येतं आणि त्या नावाची डाकही. तातडीने डागडुजी झाली. मग ज्याची चर्चा आधीपासून चालू होती तो उपाय नेटाने पुढे आला, डीएनएससेक. यात प्रत्येक उत्तरावर गणिती सही असते आणि ती सही वरच्या पातळीकडून ताडून घ्यायची असते. हा झाला नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद: ज्ञान खरं की खोटं हे बाहेरून तपासावं. 15 जुलै 2010 रोजी मूळ विभागावर सही झाली. पण अनवस्थेने इथेही पाठ सोडली नाही. सर्वांत वरच्या किल्लीची ग्वाही कोण देणार? त्यासाठी अमेरिकेत दोन ठिकाणी, वर्षातून साधारण चार वेळा, निरनिराळ्या देशांतून निवडलेल्या विश्वस्तांच्या उपस्थितीत तिजोऱ्या उघडतात आणि त्या कामाचं चित्रण सर्वांना पाहता येतं. गणिताची साखळी शेवटी माणसांच्या साक्षीवरच टांगलेली आहे. नैयायिकांना मीमांसक हेच विचारत आले: तपासणाऱ्याला कोण तपासणार?

कागदी डाकेने नावाचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला होता आणि तो सोडवणारा माणूस मराठी होता. श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्या, वाचता न येणारं अक्षर यांवर उतारा म्हणून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड तयार केला. तो 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाला. मुलुंड पश्चिमेचा 400080 आणि घाटकोपर पूर्वेचा 400077 हे आकडे जमिनीला बांधलेले आहेत. मुलुंडचं बिऱ्हाड बोरिवलीला हललं, की पिनकोड बदलतो. डोमेन नावाला अशी जमीन नाही. अंधेरीच्या सीप्झमधल्या कंपनीची डाक आयर्लंडमधल्या यंत्रावर उतरू शकते आणि कंपनी कांजूरमार्गला गेली तरी नाव तेच राहतं. हे स्वातंत्र्य मोठं आहे, पण त्याची किंमतही आहे. जमिनीवर शेजारी असतो, पोस्टमन ओळखीचा असतो, चुकीच्या दारात पडलेलं पाकीट योग्य दारात आणून देणारं कुणी तरी असतं. नावाच्या बाबतीत नोंदीपलीकडे काहीच नाही. नोंद जे म्हणेल तेच खरं.

आणि नोंद ज्याच्या हाती, नाव त्याचं. डोमेन नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी नोंदवलेलं असतं. नूतनीकरण राहिलं आणि सवलतीची मुदतही उलटली, की ते कुणालाही घेता येतं. नवा मालक एमएक्सची नोंद आपल्या यंत्राकडे वळवतो. जुन्या मालकाला येणारी पत्रं त्याच्याकडे जाऊ लागतात आणि त्यांत दुसऱ्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही असतात. पाठवणाऱ्याला काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. त्याने नाव घेतलं आणि नावाने डाक स्वीकारली. नागसेनाचं म्हणणं इथे अंगावर येतं. आतला माणूस बदलला तरी बोल तोच राहतो. संकेत माणसाच्या इच्छेने जुळतो असं नैयायिक म्हणत असतील, तर तो माणसाच्या हलगर्जीपणाने तुटतो, हेही त्याला जोडायला हवं.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये काढलेला आदेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सहकारी बँकांसह सर्व बँकांनी 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या विभागातल्या नावांवर जावं, असं त्यात म्हटलं होतं. ही नावं देण्याचा अधिकार एकट्या आयडीआरबीटी या संस्थेला दिला आणि बँक नसलेल्याला तिथे नाव मिळणार नाही, अशी व्यवस्था केली. आप्त कोण, हे प्रत्येक खातेदाराने स्वतः पारखण्याऐवजी नाव देतानाच पारखायचं, असा हा मार्ग. वात्स्यायनाच्या कसोटीचा अर्धा भाग, म्हणजे सांगणारा कोण आहे, त्याने पक्का होतो. उरलेला अर्धा, म्हणजे तो खरं सांगेल का, कोणत्याच नोंदवहीच्या हातात नाही.

नावाची मर्यादा आणखीही एका बाजूने येते. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'चं सहावं प्रकरण शब्दखंडनाला दिलं. त्यात आधी ते शब्दाचे उपकार मानतात, कारण विसरलेलं तो आठवून देतो. मग दाखवतात, की जे स्वतःच प्रकाशमान आहे ते सिद्ध करायला शब्दाची गरज नाही आणि ते घडवण्याचं बळही शब्दात नाही. ई-मेलच्या नियमांत अशीच एक रेघ आखलेली आहे. घेणाऱ्या यंत्राने '250' हा आकडा उच्चारला, की पत्राची जबाबदारी त्याच्याकडे गेली आणि पाठवणारा सुटला. एमएक्सची धाव तिथपर्यंतच. पत्र उघडलं गेलं का, वाचलं का, ते समजलं का, यातलं काहीही ती नोंद सांगत नाही. दारापर्यंत नेणं एवढंच नावाचं काम.

पण तेवढं काम तरी नीट व्हायला हवं आणि ते करणं आपल्या हातात आहे. उपनगरांतल्या कितीतरी शाळा, वाचनालयं, गणेशोत्सव मंडळं आणि गृहनिर्माण संस्था स्वतःच्या नावाचे ई-मेल वापरतात. नाव कधीतरी कुणा ओळखीच्याने नोंदवलेलं असतं, बहुधा त्याच्याच खात्यावर, त्याच्याच फोन नंबरवर. तो कार्यकारिणीतून गेला किंवा गाव सोडून गेला, की संस्थेच्या नावाविषयी अधिकाराने बोलू शकणारा आप्तच उरत नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवा: डोमेन नाव कोणाच्या नावावर नोंदलेलं आहे, त्याची मुदत कधी संपते, एमएक्सची नोंद कोणत्या यंत्राकडे बोट दाखवते आणि ती बदलण्याचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे. उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि नाव संस्थेच्या खात्यावर करून घ्या.